पान्हा : एका शब्दाचा व एका रेणूचा इतिहास

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत, की त्यांचा अर्थ परक्यास समजावून सांगावयाचा झाल्यास एक वाक्य पुरत नाही. 'पान्हा' हा त्यांपैकी एक होय. दूध म्हणजे पान्हा नव्हे. दूध कासेत साठलेले असते. परंतु ते कासेत आहे म्हणून हाती येईलच असा नेम नाही. वासरू ढुशी देऊ लागले, गाय त्यास चाटू लागली, आणि क्षणभरात कास टणक होऊन सड भरून आले, म्हणजे गाय पान्हवली असे आपण म्हणतो. परका हात लागला, कोणी काठी उगारली, वा वासरू दृष्टीआड झाले, तर तीच गाय पान्हा चोरते. हा शब्द संस्कृतातील 'प्रस्नव' यापासून प्राकृतातील 'पण्हअ' या रूपाच्या द्वारे आपल्याकडे आला आहे. आणि ज्या 'वात्सल्य' या शब्दाने आपण मातेच्या मायेचा गौरव करतो, त्याच्या मुळाशीही 'वत्स', म्हणजे वासरूच आहे. गोठ्यात जे दिसले त्यावरूनच आपल्या पूर्वजांनी घरातील मायेस नाव दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

या शब्दाने जी घटना सांगितली जाते, तिच्या मागे नऊ दुव्यांची एक इवलीशी साखळी आहे, ती प्रयोगशाळेत जशीच्या तशी घडविता येते, आणि तिच्यावर आपल्या देशातील उच्च न्यायालयात खटला चालला आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. त्या साखळीचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असा आमचा विचार आहे. तो सांगताना युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांची वाट धरणे भाग आहे. परंतु आरंभ आम्ही जालना जिल्ह्यातील भोकरदनपासून करतो, आणि त्यास कारण आहे.

भोकरदन हे आज केळणा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव असले, तरी सातवाहनांच्या काळी ते 'भोगवर्धन' या नावाने दूरवर विख्यात होते. पैठणहून उत्तरेस उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे नगर. सांची व भरहुत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नोंद सापडते. १९७३ साली शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई नगरात सापडलेल्या भारतीय मूर्तीशी इतकी मिळतीजुळती आहे, की पाश्चात्त्य जगाशी या भागाचा संबंध केवढा निकट होता याविषयी शंका राहू नये. या नगराच्या भरभराटीच्या काळात लोकांच्या तोंडी जी भाषा होती, ती महाराष्ट्री प्राकृत. म्हणजे 'पान्हा' हा शब्द ज्या कुळातला, ते कूळ येथलेच. पुढे सातवाहन गेले. राजवटींमागून राजवटी आल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात असईच्या रणांगणावर मराठ्यांच्या फौजेस इंग्रजांकडून पराभव सोसावा लागला. निजामाचा अंमल १९४८ पर्यंत टिकला. १ मे १९८१ रोजी जालना हा निराळा जिल्हा झाला. एवढी स्थित्यंतरे झाली, तरी केळणेकाठच्या गोठ्यात पहाटे जे घडते, ते दोन हजार वर्षांपूर्वी घडत होते तसेच घडते : आधी वासरू, मग पान्हा, मग धार.

हा क्रम मोडण्याची खटपट मनुष्याने फार पूर्वीपासून चालविली आहे. वासरू मेले, तर त्याचे कातडे पेंढ्याने भरून गाईपुढे उभे करण्याची चाल आपल्याकडे होती, आणि बिचारी गाय त्यास चाटून पान्हवत असे. हा उपाय करुण खरा, परंतु क्रूर नव्हे. दुसरा उपाय मात्र ऐकवत नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे, की सिथियन लोक घोडीचे दूध काढताना हाडाची नळी तिच्या योनिमार्गात घालून तीतून फुंकर मारीत, आणि एकजण फुंकीत असता दुसरा धार काढी. हीच क्रिया हिंदुस्थानातील शहरी गवळीवाड्यांत 'फुका' या नावाने चालत असे. रेडकू कसायास विकून टाकावयाचे व म्हशीस फुका देऊन दूध काढावयाचे, हा कलकत्त्यासारख्या शहरांतील दुग्धव्यवसायाचा हिशेब होता. ही गोष्ट इतकी बोकाळली, की १८९० सालच्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्यात सरकारास फुक्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले.

फुक्याचा आपल्या राष्ट्राच्या इतिहासाशी एक नाजूक संबंध आहे. कलकत्त्याहून आलेल्या लिखाणात गवळ्यांकडून गाईम्हशींचे जे हाल होतात त्यांचे वर्णन वाचून गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच, १९१२ साली, दूध सोडले. पुढे १९१८ च्या आजारात त्यांची प्रकृती इतकी खालावली, की मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधावाचून शक्ती भरून येणार नाही असे स्पष्ट सांगितले. फुक्यामुळे आपणास दुधाचा वीट आला, असे गांधीजींनी कारण दिले; तेव्हा कस्तुरबांनी सुचविले, की असे असेल तर शेळीच्या दुधास हरकत का असावी? गांधीजींनी ते मानले, परंतु प्रतिज्ञेचे अक्षर पाळून तिचा आत्मा आपण मोडला ही टोचणी त्यांच्या मनास कायम राहिली, असे त्यांच्या आत्मकथेवरून दिसते.

फुंकर मारल्याने दूध का उतरावे, याचे उत्तर त्या वेळी ना गवळ्यास ठाऊक होते, ना कायदा करणारांस, ना गांधीजींस. ते उत्तर मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या एका ग्रंथीत दडलेले होते. तिला मराठीत पीयूषिका ग्रंथी असे म्हणतात. 'पीयूष' म्हणजे अमृत, तसेच नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूधही. तेव्हा हे नाव किती सार्थ ठरले ते पुढे दिसेलच. १९०६ साली हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की या ग्रंथीच्या मागील भागाचा अर्क टोचल्यास मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. १९०९ मध्ये ब्लेअर-बेल या प्रसूतितज्ज्ञाने त्याचा उपयोग स्त्रियांच्या बाबतीत करून पाहिला. १९१० साली अमेरिकेत ऑट व स्कॉट या दोघांनी हाच अर्क शेळीस टोचला, तो तिच्या आचळांतून दूध वाहू लागले. १९२८ मध्ये ऑलिव्हर कॅम व त्याच्या सहकाऱ्यांनी या अर्कातून दोन निरनिराळे अंश वेगळे केले. एक रक्तदाब वाढविणारा. दुसरा गर्भाशयावर व स्तनांवर परिणाम करणारा. या दुसऱ्यास 'ऑक्सिटोसिन' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'शीघ्र प्रसव' असा आहे.

पान्हा चोरण्याचे रहस्य १९४१ साली मिनेसोटा येथील एली व पीटरसन यांनी उलगडले. त्यांनी दूध काढण्याच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले, कागदी पिशव्या फुगवून तिच्याजवळ फोडल्या. गाय भेदरली आणि दूध उतरेनासे झाले. यावरून त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की वासराच्या स्पर्शाने अथवा कास चोळण्याने मज्जातंतूंच्या मार्गे मेंदूस वर्दी जाते. पीयूषिका ग्रंथीतून द्रव्य रक्तात सुटते. ते रक्ताबरोबर कासेत पोहोचून दुधाच्या सूक्ष्म पिशव्या आवळते. आणि भीतीच्या वेळी सुटणारे अड्रिनलिन या कार्यात आडवे येते. त्याच वर्षी फर्ग्युसन याने दाखविले, की गर्भाशयाचे मुख ताणले गेले असताही ही ग्रंथी असाच स्राव सोडते. प्रसूतीच्या वेळी मूल पुढे सरकते तेव्हा नेमके हेच घडते. फुका देणारा मनुष्य या निसर्गनियमाचीच चोरी करीत होता. गाईच्या शरीरास प्रसूतीचा भास करून द्यावयाचा, आणि त्या भासाच्या भरात दूध लुटावयाचे, असा तो प्रकार होता.

आता या द्रव्याचा रेणू कसा आहे, हे पाहावयाचे राहिले. प्रथिने ज्या ॲमिनो आम्लांची बनतात, तीच थोड्या संख्येने साखळीसारखी जोडली गेली म्हणजे त्या साखळीस पेप्टाइड म्हणतात. न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी जनावरांच्या ग्रंथींतून ऑक्सिटोसिन शुद्ध स्वरूपात मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे श्रम केले. अखेर १९५३ साली त्यांनी सिद्ध केले, की ही नऊ दुव्यांची साखळी असून तिचा पहिला व सहावा दुवा गंधकाच्या सेतूने जोडला गेल्यामुळे तिला कडीसारखा आकार आला आहे. केवळ रचना सांगून ते थांबले नाहीत. तीच साखळी त्यांनी प्रयोगशाळेत दुव्यास दुवा जोडून तयार केली. पेप्टाइड जातीचे संप्रेरक मनुष्याच्या हातून घडण्याची ही पहिलीच वेळ. ते अस्सलच आहे याचा पडताळा कसा घ्यावा? नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांस मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढे द्रव्य शिरेतून दिले असता सुमारे अर्ध्या मिनिटात दूध येई, मग ते ग्रंथीतून काढलेले असो वा काचेच्या भांड्यात केलेले असो. या कार्याबद्दल १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक द्यू व्हिन्यो यांस मिळाले.

ही कृती साधल्यामुळे संशोधनाचे एक मोठे दालन खुले झाले. साखळीतील एक दुवा बदलून पाहावा, आणि शरीर तिला ओळखते की नाही ते तपासावे, असा तो मार्ग होता. रक्तवाहिन्या आवळणारे व्हॅसोप्रेसिन हे ऑक्सिटोसिनहून फक्त दोन दुव्यांनी निराळे आहे. एवढ्याशा फरकाने केवढा कार्यभेद होतो पाहा! १९६३ साली ब्रूस मेरीफील्ड यांनी साखळीचे एक टोक घन कणास बांधून ठेवून तिचे एकेक दुवे गुंफण्याची सोपी रीत शोधली, व त्याबद्दल १९८४ मध्ये त्यांसही नोबेल पारितोषिक मिळाले. कळा थांबविण्यासाठी, अर्थात ऑक्सिटोसिनचे काम रोखण्यासाठी, दिले जाणारे ॲटोसिबन हे याच रीतीने दुवे बदलून केलेले कृत्रिम पेप्टाइड होय. १९७९ साली पेडरसन व प्रेंज यांनी जे पाहिले ते तर विशेष विचारार्ह आहे. कधीही न व्यालेल्या उंदरांच्या माद्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले असता त्यांतील अनेक माद्या परकी पिले जवळ घेऊन त्यांची माता व्हावी तशी काळजी घेऊ लागल्या. 'वात्सल्य' आणि 'पान्हा' ही दोन नावे आपल्या भाषेने शेजारी ठेवली, त्यास असा आधार मिळाला. मात्र माया म्हणजे केवळ एक रसायन, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. पत्र ज्या शाईने लिहिले तिच्या पृथक्करणाने पत्रातील मजकूर कळत नाही.

गोठ्यातून आता बाळंतिणीच्या खोलीकडे वळू. मूल जन्मून वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळले गेले पाहिजे. ते सैल राहिले, तर उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्ताचा लोंढा वाहतो, आणि धडधाकट स्त्री थोडक्या वेळात हाती लागेनाशी होते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी घेतली, त्या वेळी त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. त्या काळी या संकटावर डॉक्टरांपाशी अर्गट हे बुरशीपासून मिळणारे औषध काय ते होते, आणि आपल्या खेड्यांतील सुइणींपाशी तेही नव्हते. आज मूल जन्मताच ऑक्सिटोसिनची दहा एककांची एक सुई टोचावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आदेश आहे. इतके असूनही प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने जगात दरसाल सुमारे ७०,००० स्त्रिया दगावतात. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता मृत्यू पावल्या. भारताचे प्रमाण त्या काळी ९७ होते. हा फरक समाधानाचा खरा. परंतु ज्या घरातून ती एक गेली, त्या घरास या सरासरीचा काय उपयोग?

हीच सुई गोठ्यातही पोहोचली. फुक्याची नळी गेली व तिच्या जागी स्वस्त, बिनचिठ्ठीची बाटली आली, एवढाच फरक. रेडकू नसले तरी चालते, आंबोण दाखवून, कास चोळून वाट पाहावी लागत नाही. सुई टोचली की म्हैस पान्हवते. पशुवैद्याच्या हाती हे औषध उपकारक आहे, याविषयी वाद नाही. परंतु दोन्ही वेळा रोज टोचलेल्या जनावराचे शरीर हळूहळू स्वतःचा पान्हा सोडावयास विसरते. ब्रुकमायर यांनी गाईंवरील प्रयोगांत ही गोष्ट २००३ साली दाखवून दिली. दूध वाढते म्हणावे, तर सुईने दूध तयार होत नाही, असलेले खाली उतरते इतकेच. १९६० च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्याने फुक्याबरोबरच दुधासाठी टोचल्या जाणाऱ्या अपायकारक सुईसही गुन्हा ठरविले आहे. याउलट, या औषधाने दुधी भोपळे फुगवितात आणि असे दूध पिऊन मुले बिघडतात, अशाही वार्ता पसरल्या. वेलीस ना गर्भाशय असते ना कास. आणि पेप्टाइड पोटात गेले म्हणजे इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते. खऱ्या दोषाबरोबर खोट्याचीही भर पडली, की न्याय करणाऱ्याची दृष्टी गढूळ होते. येथे तसेच घडले.

२७ एप्रिल २०१८ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की देशातील वापरासाठी खाजगी कारखान्यांनी ऑक्सिटोसिन बनवू नये. ते काम सरकारी मालकीच्या कारखान्यानेच करावे. प्रत्यक्षात हा भार कर्नाटक अँटिबायॉटिक्स या एकाच कंपनीवर येणार होता. हेतू गाईम्हशींचा छळ थांबविण्याचा. परंतु चोरट्या बाटल्या परवानाधारक कारखान्यांतून येतात याचा पुरावा काय, आणि एकाच कारखान्यात खोळंबा झाला तर खेड्यापाड्यांतील बाळंतिणींनी काय करावे, या प्रश्नांची उत्तरे मिळेनात. औषधनिर्मात्यांप्रमाणेच ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क ही संस्थाही दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ही बंदी मनमानी ठरवून रद्द केली. स्त्रियांच्या जिवास होणारा धोका सरकारने नीट जोखला नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो वाद मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

या वादात मुक्या जनावराची बाजू खोटी नव्हती, हे आम्हांस मुद्दाम नमूद करावेसे वाटते. परंतु चोरास पकडणे कठीण म्हणून विहिरीसच टाळे ठोकावे, तशातली ही योजना होती. ज्या गोठ्यात गैरवापर होतो त्या गोठ्यापर्यंत, ज्या दुकानात बिनचिठ्ठीची बाटली मिळते त्या दुकानापर्यंत कायद्याचा हात पोहोचविणे हे कष्टाचे काम आहे. अधिसूचना काढणे सोपे.

आणखी एक अडचण अशी, की ती कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही. ती म्हणजे उन्हाळा. ऑक्सिटोसिनची कुपी दोन ते आठ अंश उष्णतेत ठेवावी लागते. ऊन लागले की साखळी बिघडते, पाणी मात्र तसेच स्वच्छ दिसते. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो. अशा वेळी वीज गेली, शीतपेटी बंद पडली, की परिचारिकेच्या हातातील औषध हे औषध राहिले आहे की नाही, हे तिला नुसते पाहून सांगता येत नाही. या अडचणीवर जे उपाय निघाले, त्यांतील एक आपल्या सीमाभागातला आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या गोळीची परीक्षा झाली. ही गोळी पेप्टाइड नव्हे. तिला शीतपेटी लागत नाही, सुई लागत नाही. गावपातळीवरील परिचारिकांनी ती दिली, आणि रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. दुसरा उपाय पेप्टाइडचाच. ऑक्सिटोसिनच्या साखळीत थोडा फेरफार करून केलेल्या कार्बेटोसिनचे उष्णता सोसणारे रूप तयार झाले. भारतासह दहा देशांतील २९,६४५ स्त्रियांवरील परीक्षेचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो असा, की रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनहून उणे नाही. योगायोग असा, की ज्या वर्षी दिल्लीत जुन्या साखळीवर बंदीचा वाद चालू होता, त्याच वर्षी नव्या साखळीची ही वार्ता आली.

अशी ही हकीकत आहे. हाडाच्या नळीपासून काचेच्या कुपीपर्यंत मनुष्याने पान्ह्यावर सत्ता मिळविण्यासाठी अडीच हजार वर्षे खटपट केली, आणि अखेर ती सत्ता त्यास मिळाली. आता ती कोणासाठी वापरावयाची, एवढाच प्रश्न उरला आहे. आणि तो रसायनशास्त्राचा प्रश्न नव्हे. भोकरदनसारख्या तालुक्यात या नऊ दुव्यांच्या साखळीस दोन दारे उघडी आहेत : एक प्रसूतिगृहाचे, दुसरे गोठ्याचे. पहिल्या दाराशी ती कुपी थंड, ताजी व वेळेवर पोहोचली पाहिजे, आणि ती पोहोचते की नाही याची चौकशी करण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबास आहे. दुसऱ्या दाराशी मात्र सुईची गरज बहुधा नसतेच. तेथे रेडकू सोडावे, कास मायेने चोळावी, आणि घटकाभर वाट पाहावी. एवढा धीर आपल्या आज्या-पणज्यांनी धरला होता. त्यास ना शीतपेटी लागते, ना परवाना.